कड आणि मध्य: एका चकतीच्या नोंदी

१३ जानेवारी २०२५

विषय ठरला. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, शेवटचं सत्र, हातात जेमतेम पाच महिने. सरांनी विचारलं तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं: माणसाचा गर्भ तिसऱ्या आठवड्यात स्वतःची आखणी कशी करतो, ते बघायचंय. सर हसले नाहीत, पण प्रयोगशाळेभर एकदा नजर फिरवली. फ्रीजमध्ये अगार आणि कुणाचा तरी डबा, कपाटात १९८० च्या सुमाराच्या फॉर्मॅलिनच्या बरण्या, आणि सूक्ष्मदर्शक सहा, त्यातले चालू चार.

अडचण नुसती पैशांची नाही. गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो सहाव्या-सातव्या दिवशी. चौदाव्या-पंधराव्या दिवशी तो एक चपटी चकती असतो, आणि तिच्यावर एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. तिथून पेशी आत शिरतात आणि तीन थर होतात: बाह्यस्तर, मध्यस्तर, अंतःस्तर. पुढे कातडी-मेंदू कशातून, हाडं-रक्त कशातून, आतडं कशातून, याची वाटणी तिथे होते. हा काळ असा, की बाईला आपल्याला दिवस गेलेत हे पुरतं उमगलेलंही नसतं. आणि प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायला १४ दिवसांची मर्यादा. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने ती १९८४ मध्ये सुचवली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे, १४ दिवस किंवा रेघ उमटणं, जे आधी होईल ते. म्हणजे खेळ सुरू होतो तिथेच पडदा.

म्हणून लोक मूलपेशींकडे वळले, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशींकडे. खरा गर्भ नाही, त्याच्या एका प्रसंगाची तालीम.

आमच्याकडे मानवी मूलपेशी येणार नाहीत, हे सरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नाही, मंजुरी देणारी समिती नाही, माध्यमाच्या एका बाटलीत आमची वर्षाची ग्रँट जाईल. ठरलं ते असं: मूलपेशींच्या चकतीचं मॉडेल कॉम्प्युटरवर, आणि डोळ्यांनी बघायला कोंबडीची अंडी.

२० जानेवारी

घरी जाऊन आले. रावेर तालुक्यात 'टिश्यू कल्चर' हा शब्द पोरासोरांना ठाऊक आहे, कारण जी-नाईन केळीची रोपं त्याचीच. प्रकल्पाचं सांगितलं तर आप्पा लगेच म्हणाले, "म्हंजे आपली केयच झाली की!"

मी आधी नाही म्हटलं, मग रात्री विचार केला तर अर्धं हो आहे. केळीत मुनव्याचा (बुंध्याशी फुटलेल्या पिलाचा) शेंडा घेतात, निर्जंतुक करतात, बरणीत ठेवतात. माध्यमात सायटोकायनिन हे संप्रेरक जास्त तर कोंबच कोंब. मग ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक जास्त असलेल्या बरणीत हलवलं की मुळं. स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या गाभ्यावर १९५७ मध्ये हे दाखवलं. म्हणजे तिथे बरणी बदलणारी बाई ठरवते, आता कोंब, आता मूळ.

माझ्या चकतीत बरणी एकच. २०१४ मध्ये वॉर्मफ्लॅश, ब्रिव्हनलू, सिग्गिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं ते इतकंच: काचेवर गोल ठसे छापले, पेशी त्या गोलातच चिकटतील असे. त्यावर मानवी भ्रूण-मूलपेशी पसरल्या आणि सगळ्यांवर पेशींना संकेत देणारं एकच प्रथिन टाकलं, बीएमपी-४, मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम. सुमारे दोन दिवसांनी रंगवून पाहिलं तर नेमबाजीच्या फळ्यासारखी वर्तुळं. मधोमध एसओएक्स-२ हे ओळखखुणेचं प्रथिन असलेल्या, बाह्यस्तराकडे झुकणाऱ्या पेशी. त्याभोवती ब्रॅकियुरीचं कडं, मध्यस्तर. मग एसओएक्स-१७, अंतःस्तर. सगळ्यात बाहेर सीडीएक्स-२, गर्भाबाहेरच्या ऊतींसारख्या पेशी. त्या वारेच्या जातीच्या की गर्भजलाच्या पिशवीच्या, यावर अजून वाद आहे.

औषध सगळ्यांना सारखं, आणि पीक चार जातीचं. हे सांगितल्यावर आप्पांनी जो प्रश्न विचारला तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय: "मंग त्या गोयाले कोन सांगतं, मधी काय अन् कडीले काय?"

२ फेब्रुवारी

वाचन. दोन जुन्या घराण्यांची भांडणं.

एक गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचं. १९५२ चा निबंध: दोन रसायनं, एक चेतवणारं आणि एक दाबणारं, दाबणारं जास्त वेगाने पसरलं तर सपाट मिश्रणातून आपोआप ठिपके आणि पट्टे उमटतात. सांगणारं कुणी नको. दुसरं जीवशास्त्रज्ञ लुईस वोल्पर्टचं. एका टोकाला रसायन जास्त, दुसऱ्याला कमी. पेशी आपल्या जागी किती आहे ते 'वाचते' आणि त्यावरून ठरवते. फ्रेंच झेंड्याचे तीन पट्टे हे त्याचं आवडतं उदाहरण.

मला ट्युरिंग आवडला. गणितातून बिबट्या उमटतो म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही? तिथेच माझी पहिली चूक झाली, पण ते पुढे.

१० फेब्रुवारी

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पहिलं मॉडेल. चकतीचा व्यास १००० मायक्रॉन, जाळीचं एकेक घर ५ मायक्रॉनचं, म्हणजे २०० गुणिले २०० घरं. नॉगिन नावाचं प्रथिन बीएमपीला दाबतं, आणि गंमत म्हणजे या पेशींत बीएमपीच नॉगिन तयार करायला लावतं. स्वतःचाच लगाम. नॉगिन किती झपाट्याने पसरतं तो प्रसरणांक मी १० चौरस मायक्रॉन प्रति सेकंद धरला, ऱ्हास सेकंदाला ०.००१. त्यांच्या भागाकाराचं वर्गमूळ १००. म्हणजे सुमारे १०० मायक्रॉनपर्यंत नॉगिनचा हात पोचतो. आकडे माझे, ढोबळ. सरांनी हे पहिल्याच पानावर लिहायला लावलं.

वेळ एकेक सेकंदाच्या पावलाने पुढे नेत चालवलं. पाच मिनिटांत पडद्यावर सगळीकडे 'एनएएन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. एका घरात उणे कोटी, शेजारी अधिक कोटी.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, लॅब बंद, हॉस्टेलवर लॅपटॉप. पाऊल अर्ध्या सेकंदाचं केलं तर गाडी रुळावर आली. प्रसरणांक गुणिले पाऊल, भागिले घराच्या बाजूचा वर्ग, हे पाव पटीच्या खाली राहायला हवं. एक सेकंदाला ते ०.४ होत होतं. आता ०.२. पण ४८ तासांसाठी ३,४५,६०० पावलं, आणि मी लूपवर लूप लिहिलेला. रात्रभर लावून झोपले. पहाटे लाईट गेली, बॅटरी जुनी.

१ मार्च

लूप काढून टाकले, आता काही मिनिटांत होतं. आणि निकाल काय? सपाट. पूर्ण चकती एका रंगाची. कड नाही, मध्य नाही, वर्तुळ नाही. चार दिवस ट्युरिंगच्या नावाने दोन्ही आकडे खालीवर केले. एकदा ठिपके आले, छान बिबट्यासारखे, आणि मी आनंदाने सरांकडे नेले. सर म्हणाले, "सुंदर. पण फोटोत वर्तुळं आहेत."

९ मार्च

आज सुटलं, आणि सोडवलं फिजिक्सच्या मैत्रिणीने. चहा प्यायला आली होती. माझ्या कोडकडे बघून दोन गोष्टी बोलली.

पहिली: "तुझं नॉगिन तासा-दीड तासात स्थिर होतंय. पुढचे शेचाळीस तास कॉम्प्युटर कशाला तापवतेस?" खरं आहे. पेशींना दोन दिवस लागतात ते जनुकं चालू होऊन प्रथिनं बनायला. माझ्या मॉडेलात ती भानगडच नाही.

दुसरी: "आणि कडेला बांध का घातलायस?"

मी कडेची अट 'काहीही बाहेर जात नाही' अशी ठेवली होती. सवयीने, पुस्तकातलं पहिलं उदाहरण तसंच असतं. चारही बाजूंनी बांध घातलेल्या वावरात पाणी सोडलं तर ते सगळीकडे सारखंच साचणार! खरी चकती बांधातली नसते. ती माध्यमात बुडालेली आहे. कडेच्या पेशींनी सोडलेलं नॉगिन बाहेर वाहून जातं, मधल्यांचं साचतं. म्हणून कडेला लगाम ढिला, मध्यावर घट्ट.

कडेला नॉगिन शून्य धरलं आणि एन्टर दाबलं. वर्तुळ.

दोघींनी मिळून कॅन्टीनच्या मावशींकडून दोन प्लेट शेवभाजी मागवली. हिशोब प्रकल्पाच्या खर्चात लिहिलेला नाही.

११ मार्च

आनंद ओसरल्यावर २०१६ चा निबंध नीट वाचला, त्याच गटाचा. नॉगिन ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी पेशींच्या अंगात आहे. पेशी दाटीने उभ्या राहिल्या की बीएमपी ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) त्यांच्या वरच्या तोंडावर राहत नाहीत, बाजूला आणि तळाकडे जातात. पेशींमधल्या सांधी घट्ट बंद. वरून ओतलेलं बीएमपी मधल्या पेशींपर्यंत पोचतं, पण त्यांच्या 'कानां'पर्यंत नाही. कडेची पेशी एका अंगाने उघडी. तिला ऐकू येतं.

आजी दरसाल बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालते. खाटेवरच्या धोतरावर पीठ एकच, ऊन एकच, तरी बिबड्याची कड आधी वाळते आणि उचलते. कारण कडेला हवा दोन बाजूंनी लागते. हे उदाहरण सरांनी प्रबंधातून काढायला लावलं. इथे राहू दे.

मॉडेलात कडेच्या दोन घरांना ग्राहक उघडे, बाकीच्यांना झाकलेले, अशी भर घातली. वर्तुळ आणखी रेखीव झालं.

१६ मार्च

धुळवड झाली. आता अंडी.

पहिली डझनभर दुकानातली आणली. ती फळलेली नसतात, हे प्राणिशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींना आठवू नये याची लाज वाटते. बलकावरचा पांढरा ठिपका घट्ट आणि वेडावाकडा असेल तर अंडं नुसतं खायचं; फळलेल्यावर कडं दिसतं, आत पारदर्शक, बाहेर दुधाळ. बारा अंड्यांचं आम्लेट झालं.

प्रकल्पातली माझी जोडीदारीण चोपड्याकडची. तिच्या ओळखीने सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून गावरान अंडी मिळाली, कोंबड्यासोबत हिंडणाऱ्या कोंबड्यांची. भुशाच्या डब्यात, मांडीवर घेऊन बसमधून. सरांनी हातमोजे, हात धुणं, टरफलांची विल्हेवाट, सगळं आधी पाठ करून घेतलं. नवापूरचं २००६ इथे कुणी विसरलेलं नाही. देशातला बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथे सापडला.

२ एप्रिल

अंडीच का, हे जोडीदारणीने विचारलं म्हणून लिहिते. १९२४ मध्ये हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी पाणसरड्याच्या एका गर्भाचा छोटा तुकडा काढून दुसऱ्या गर्भावर लावला, आणि यजमानाच्या अंगावर दुसरा गर्भ उभा राहिला. तो तुकडा शेजाऱ्यांना कामाला लावतो, म्हणून त्याला 'ऑर्गनायझर' म्हटलं. श्पेमानला १९३५ मध्ये नोबेल मिळालं. प्रयोग मांगोल्डच्या हातचे. ती निबंध निघाला त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हच्या भडक्यात गेली, पंचविशीत.

माणसाला असा तुकडा असतो का? माणसावर हा प्रयोग कोण करणार आणि का करू देईल? मग २०१८ मध्ये त्याच चकत्यांवाल्या गटाने वाट काढली. मानवी मूलपेशींच्या चकतीला व्हिंट आणि ॲक्टिव्हिन ही संकेत देणारी प्रथिनं दिली आणि ती चकती कोंबडीच्या गर्भावर लावली. कोंबडीच्या गर्भात दुसरा अक्ष उभा राहू लागला. माणसाची पेशी बोलली आणि कोंबडीच्या पेशीला कळलं.

तेव्हा अंडी ही आमची गरिबीची सोय नाही, एवढं मी तिला ठासून सांगितलं. थोडी सोयही आहे.

तंत्र २००१ पासूनचं, साधं: गाळणकागदाचा तुकडा, त्याला ऑफिसच्या पंचने जोडून दोन भोकं. कागद बलकावर अशा बेताने ठेवायचा की गर्भ भोकात येईल. भोवती कापायचं, उचलायचं, सलाईनमध्ये धुवायचं, अगार आणि पातळ पांढऱ्या बलकाच्या बशीत उपडं ठेवायचं. पडदा कागदाला चिकटून ताणलेला राहतो, आणि तो ताण महत्त्वाचा, कारण कोंबडीचा गर्भ कडेने पडद्याला धरूनच पसरतो. इथेही कडच! गर्भसंवर्धनाची ही विद्या पुण्यात लीला मुल्हेरकरांनी शिकवून रुजवली. आमच्या सरांचे सर तिथे शिकले, असं सर सांगतात.

आजचे सहा: चार फाटले, एक उलटा ठेवला, एक जमला.

१७ एप्रिल

सगळे मेले. अकराच्या अकरा.

इन्क्युबेटर ३७.५ वर लावलेला. दुपारी तीनला आतला काटा ४१ वर. मला वाटलं थर्मोस्टॅट गेला. मेकॅनिकला बोलावलं, त्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मशीन बंदच हे. हीटर लागेलच नाही." खोलीच ४२ ची होती. इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. ज्याने बनवला त्याच्या गावात ती वेळ येत नसावी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये अंडं उबवायला पेटी लागत नाही, अंडं वाचवायला लागते.

शिवाय पाड्यावरून येतानाच अंडी तापतात. गर्भ थंडीत निजून राहतो, पण २७ च्या वर अर्धवट जागा होतो, वेडावाकडा वाढायला लागतो. म्हणजे आम्ही बशीत ठेवेपर्यंत काहींचं आधीच बिघडलेलं.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरी. झोका, सांजोऱ्या, आंब्याचा रस. सासुरवाशिणी सगळ्या माहेरी आलेल्या, आणि मी एकटी लॅपटॉप घेऊन ओट्यावर. काकूंनी विचारलं, पोरी, पाळण्यातल्या बाळाचं शिकतेस का? म्हटलं, पाळण्याच्या फार आधीचं.

८ मे

पेटी तळमजल्यावर हलवली, संग्रहालयाच्या खोलीत. जुन्या दगडी भिंती, हातभर रुंद. खिडकीला वाळ्याचा कूलर (जोडीदारणीच्या मामांचा, १० जूनपर्यंत परत द्यायचा), पेटीवर ओलं गोणपाट. खोली ३१. अंडी आता पहाटेच्या पहिल्या बसने, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यातून.

नऊ बशा. सहा तासांनी दोघांत कडेकडून सरकणारी धूसर रेघ. अठरा तासांनी पाचांत पूर्ण, मधोमध खोबणीसह. मी सूक्ष्मदर्शकावरून उठले नाही. ती रेघ पुस्तकात काळी आखलेली असते. प्रत्यक्षात ती असण्यापेक्षा हलणं जास्त आहे, जत्रेत एका दाराकडे गर्दी सरकते तसं.

चौतीस तासांनी एका बशीत हृदय ठोके देत होतं. जोडीदारीण आईला फोन करायला बाहेर गेली.

एक आगाऊपणाही केला. न उबवलेल्या गर्भाची चकती मधून कापली, दोन अर्ध्या वेगळ्या ठेवल्या. जुन्या प्रयोगांत अशा तुकड्यांतून स्वतंत्र रेघा उमटल्याचं वाचलं होतं. चार कापल्या, तीन गेल्या. चौथीच्या दोन्ही अर्ध्यांत काहीतरी रेघेसारखं दिसलं. सर दहा मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, लिहू नकोस. एकावरून काही म्हणता येत नाही. म्हणून प्रबंधात नाही.

१९ मे

मॉडेलची खरी परीक्षा: चकती लहान केली तर?

ट्युरिंगच्या पद्धतीत पट्ट्याची रुंदी रसायनं ठरवतात आणि मोठ्या चकतीत पट्टे वाढत जातात. कडेकडून मोजण्याच्या पद्धतीत बाहेरचं कडं तेवढंच राहतं आणि मध्य खाल्ला जातो. २०१४ च्या प्रयोगात नेमकं दुसरं दिसलं होतं: चकती लहान करत गेलं तर आधी मधल्या पेशी नाहीशा होतात.

माझं मॉडेल: व्यास १००० ला मध्यावर नॉगिन कमाल पातळीच्या ९६ टक्के. ५०० ला ७०. २५० ला ३०. म्हणजे २५० च्या चकतीला मध्य म्हणून उरतच नाही, ती सगळी कडच आहे. बांधालगतची चार सरीची पट्टी असते ना, सगळं वावर तेवढंच असल्यासारखं.

हे तीन आकडे मी कोडशिवाय, हाताने, बेसेल नावाच्या गणिती फलनांच्या तक्त्यावरून पुन्हा काढले. जुळले. पाच महिन्यांत एवढं समाधान कशाचं झालं नाही, हृदयाच्या ठोक्याचंही नाही. हे कुणाला सांगू नये बहुधा.

२७ मे

आता माझ्या मॉडेलात काय नाही ते. बीएमपी पुढे व्हिंटला चेतवतं, व्हिंट नोडल नावाच्या प्रथिनाला. मध्यस्तराचं कडं त्या साखळीतून येतं. मी ती साखळी जागच्या जागी बसलेली धरली. २०१९ मध्ये जिवंत पेशींत संकेत चमकताना पाहिले तेव्हा व्हिंट आणि नोडलची लाट कडेकडून आत सरकत जाते, थांबत नाही, असं दिसलं. पेशी 'किती' एवढंच वाचत नाही, 'किती वेळ' हेही वाचते. माझं स्थिर चित्र त्या लाटेचा एक फोटो आहे फार तर. हे प्रकरण मी सगळ्यात मोठं लिहिलंय. सरांना खटकलं, मला नाही.

६ जून

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी अंड्यांचे फोटो भराभर उलटले, चकतीपाशी थांबले.

"कड तुम्ही दिलीत. ठसा छापून. खऱ्या गर्भाला कड कोण देतं?"

मी म्हटलं, गर्भाची चकती जिथे गर्भजलाच्या पिशवीच्या ऊतीला भिडते ती सीमा.

"बरं. पण तुमची वर्तुळं चहूकडून सारखी. रेघ तर एकाच बाजूला उमटते. शेपटीकडे."

इथे थांबले. मग आठवलं तेवढं सांगितलं: उंदरात गर्भाखालच्या थराचा एक भाग पुढच्या बाजूला सरकतो आणि सर्बेरस, लेफ्टी ही नोडलला अडवणारी प्रथिनं सोडतो, म्हणून रेघ मागेच उमटते. माझ्या चकतीखाली तो थर नाही. त्यामुळे तिला मध्य आणि कड आहे, पुढं-मागं नाही.

ते "हं" म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

७ जून

कूलर परत केला. टरफलं आणि बशा नियमाप्रमाणे नष्ट. गुण यायचेत.

परीक्षकांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. संध्याकाळी जुनं कोड उघडलं आणि मार्चमधला तोच बांध पुन्हा घातला, पण यावेळी जाणूनबुजून आणि चकतीच्या फक्त एका अर्ध्या कडेला. तिकडे नॉगिन साचेल, इकडे वाहून जाईल. मॉडेल चालायला लावून ठेवलंय, यावेळी व्हिंटच्या लाटेसकट, म्हणून वेळ लागेल. लाईट टिकली तर सकाळी कळेल.